थाळी न वाजलेले दार

शेंदरखार गावात वर्षातून चार-पाच वेळा भर दुपारी पितळी थाळी वाजत असे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी चढते. चढत्या पाण्याला बांधात खेकड्याचे एखादे बीळ सापडले की आधी बोटभर धार लागते, मग घागरभर, आणि बघता बघता बांधाला खांड पडते. ती खांड पुढच्या भरतीच्या आत बुजली नाही तर खारे पाणी शेतात पसरते आणि दोन-तीन वर्षे तिथे गवतही धड उगवत नाही. म्हणून थाळी वाजली की घरटी एक माणूस टोपली किंवा फावडे घेऊन बांधावर जायचा. ज्याला शेत होते तोही, आणि ज्याला वीतभर जमीन नव्हती तोही. याला गावात जोळ म्हणत. शेत नसलेल्याने का जायचे, असे कोणी विचारत नसे. जायचे म्हणून जायचे.

थाळीचा मान घरतांचा. वडील गेल्यापासून ती थोरला मुलगा पद्माकर वाजवी. एकेका दारापुढे उभे राहून तीन ठोके, आणि एकच हाळी : "जोळाला चला हो!" न येणाऱ्याला दंड नव्हता, बोलणी नव्हती. फक्त पुढच्या वेळी पद्माकर त्याच्या दारापुढून गप निघून जाई. गोमा ठाकूर एकदा सासुरवाडीहून मुद्दाम उशिरा परतला होता. पुढच्या उधाणाला डाव्या-उजव्या शेजाऱ्यांच्या दारात ठोके पडले आणि त्याच्या दारापुढे नुसती पावले वाजली. त्याची बायको उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली आणि तिने तव्यावरची भाकरी अर्धकच्ची उतरवून ठेवली. त्या दिवशी गोमा सगळ्यांच्या आधी बांधावर पोचला आणि सगळ्यांच्या नंतर उतरला.

वाटणीनंतर घरतांच्या घराला दोन दारे झाली होती. एक पद्माकरचे, दुसरे धाकट्या हरेश्वरचे. हरेश्वर पुण्याला असायचा, त्यामुळे त्याचे दार बहुधा बंदच. तरीही पद्माकर त्या कुलपापुढे उभा राहून तीन ठोके देई. मग बांधावर दोन घरांची माती टाकी. "ही माझी, ही हरेशची," असे टोपली उपडी करताना मोठ्याने म्हणे, म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको.

हरेश्वरला हे ठाऊक होते. पण माणूस जसा आपल्या सावलीचा विचार करत नाही, तसा त्याने त्याचा कधी विचार केला नव्हता. त्याचे लग्न राहून गेले होते. किनारी पीक संशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत तो पंचवीस वर्षे भाताची मुळे पाहत बसला होता. बोलताना तो खाली बघे, आणि दर वाक्यात एक तरी 'बहुतेक' घाली. केंद्राच्या संचालिका सबनीस मॅडम हसून म्हणत, "डॉक्टर घरत, तुम्ही तुमचं नावसुद्धा 'बहुतेक हरेश्वर' असं सांगाल."

त्याचे सगळे काम दोन कणांभोवती होते. पिकाला पोटॅशियम लागते, सोडियम लागत नाही. पण दोघांवरचा विद्युतभार सारखा आणि पाण्यात विरघळण्याची रीत सारखी; एका घरातल्या चुलतभावांसारखे दोघे. पेशीभोवतीच्या तेलकट पडद्यातून यांना आपसूक जाता येत नाही. त्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारे असतात. त्यांना वाहक प्रथिने म्हणतात. एकेक वाहक ठरावीक कणाला ओळखतो, त्यालाच आत घेतो किंवा बाहेर घालवतो. खाऱ्या जमिनीत मात्र सोडियमची एवढी गर्दी होते की तो पोटॅशियमच्या दारातूनच घुसतो, रसाबरोबर पानापर्यंत चढतो आणि जिथे पोटॅशियमने काम करायचे ती जागा अडवून बसतो. पान टोकाकडून करपत येते. रोप पाण्यात उभे राहून तहानेने मरते.

२०३६ च्या श्रावणात हरेश्वर नव्या भाताच्या चाचणीसाठी गावी आला, तेव्हा ओटीवर बसून त्याने हे सगळे पद्माकरला आणि सुगंधा वहिनीला समजावून सांगितले. नव्या वाणाचे नाव 'क्षारजित' होते, पण गावात त्याला पहिल्या दिवसापासून 'हरेशचा भात' म्हणत.

"आपला राता भात आहे ना दादूस, लाल, जाडा, त्यात एक वाहक असतो. मुळातून रस वर चढतो, त्या वाटेच्या काठावर तो बसलेला असतो. रसातला सोडियम वेचून परत मुळाकडे पाठवतो. मी त्याच्यातला एकच मणी बदलला. वाहक म्हणजे शेकडो मण्यांची माळ असते, त्यातला एक. आता तो दसपट जोरात वेचतो."

"आनि जो निसटला तो?" पद्माकरने विचारले.

"त्याच्यासाठी दुसरा वाहक. पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, तिच्यात तो सोडियमला कोंडून ठेवतो. मी तो देठात आणि जुन्या पानांत वाढवलाय. म्हणजे मीठ पेंढ्यात राहतं, दाण्यात जात नाही. आणि तिसरा मुळाच्या सालीवर, आलेल्या मिठाला परत बाहेर ढकलणारा."

"म्हंजे उघाडीच की रं ही," पद्माकर म्हणाला.

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातले लाकडी दार. ओहोटीला ते शेतातल्या पाण्याच्या रेट्याने बाहेर उघडते आणि पावसाचे जास्तीचे पाणी सोडून देते. भरतीला खाडीच्या रेट्यानेच ते घट्ट मिटते. आठ-नऊ वर्षांचा असताना हरेश्वर तासन् तास त्या दारापाशी बसून असायचा. आपण आयुष्यभर त्याच दाराचा अभ्यास केला हे त्याला आजवर सुचले नव्हते.

"बहुतेक," तो म्हणाला.

"भावजी, तुमच्या भाताला दारं तीन," सुगंधा वहिनी आतून म्हणाली, "आनि तुमच्या घराला एक, तेबी बारा महिने बंद. लगीन केलं असतंत तर तेवढं तरी उघडलं असतं."

चाचणीचे खाचर पद्माकरचे होते, बांधाच्या अगदी कुशीतले. अमावास्येला दुपारी बारा-साडेबाराला उधाण आले. अलीकडे उधाणे पूर्वीपेक्षा वीतभर उंच चढू लागली होती. जेवण अर्ध्यात असताना पद्माकरने कान टवकारले, हात तसाच ताटात ठेवून ओटीवर आला. लांबून बांधावर पांढरी रेघ दिसत होती. खांड पडली होती, आणि ती नेमकी चाचणीच्या खाचरावर.

त्याने खुंटीवरची थाळी काढली.

"दादूस, थांब," हरेश्वर म्हणाला.

"थांबू काय? पाणी शिरलं बघ!"

"शिरू दे. प्रयोगशाळेत मी मीठ मोजून घालतो. ती काही खाडी नाही. खरी खाडी आत आली तर भात टिकतो का, हे कधी कळायचं? पुढच्या भरतीच्या आत बुजवू नकोस. दोन दिवस दे मला."

"आरं, खालची सात खाचरं हायत. लोकांची."

"त्यांची भरपाई केंद्र देईल. दादूस, पंचवीस वर्षं झाली."

हरेश्वरने आयुष्यात कुणाला एवढ्या जोराने काही सांगितले नव्हते. त्यात 'बहुतेक' नव्हते. पद्माकर हातात थाळी घेऊन उभा राहिला. वडिलांनी उभ्या जन्मात खांड बघून थाळी परत टांगली नव्हती. मग त्याने धाकट्या भावाच्या तोंडाकडे पाहिले, आणि ती खुंटीवर अडकवली.

"दोन दीस," तो म्हणाला. "तुज्यासाठी."

तिसऱ्या दिवशी थाळी वाजली आणि खांड बुजली, पण आठ दिवसांत सातही खाचरांतला भात करपून तपकिरी झाला. बांधाकुशीचे हरेशच्या भाताचे खाचर मात्र हिरवेगार उभे होते, त्याच्या बुंध्याशी खाडीतले बारके मासे फिरत होते. गाव बांधावर जमले. गोमा ठाकुराचा मुलगा नितेश गुडघाभर पाण्यात उतरला, त्याने ते पाणी ओंजळीत घेऊन चाखले आणि थुंकले. "पक्की खाडी हाय!" तो ओरडला. "हरेशकाका, तुमचा भात पोहतो!"

भरपाई केंद्राने कबूल केली होती; लोक हसले, टाळ्या वाजल्या. हरेश्वर कोपऱ्यात उभा राहून चष्मा पुसत होता. पद्माकरने येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते दोघांच्याही आयुष्यातले फार चांगले दिवस होते.

त्यानंतर दोन वर्षांत साऱ्या शेंदरखारने हरेशचा भात लावला. दाणा गोड होता, वजनदार होता. खतासारखे थोडे पोटॅशियम दिले की झाले. पुढच्या पावसाळ्यात थाळी वाजली तेव्हा पंच्याहत्तर घरांपैकी चाळीस घरे आली. त्याच्या पुढच्या वेळी अकरा.

"पद्माकरकाका, पाणी आलं तर येऊ द्या ना," नितेश ओट्यावरूनच म्हणाला. "ज्याच्यासाठी बांध होता त्यालाच आता नको झालाय."

पद्माकर थाळी घेऊन पुढच्या दाराकडे वळला. नियम होता, त्याप्रमाणे तो पुढच्या वेळी न आलेल्यांच्या दारांपुढून गप गेला. पण पंच्याहत्तरात चौसष्ट दारे गप राहिली की त्या गप राहण्याला काय अर्थ उरतो? कोणाच्या बायकोने भाकरी उतरवली नाही. उलट, "काकांची थाळी फुटली वाटतं," असा विनोद झाला.

त्याच हिवाळ्यात सबनीस मॅडमनी हरेश्वरला बोलावले. खारबांधांच्या दुरुस्तीची नवी यादी करायला सरकारने एक समिती नेमली होती. कुठले बांध ठेवायचे, कुठले सोडायचे. समितीला केंद्राकडून एक पानाचे मत हवे होते.

"फार लिहू नका," मॅडम म्हणाल्या. "ते अभियंते आहेत. त्यांना हो किंवा नाही कळतं."

हरेश्वरने रीतसर पान लिहिले. शेवटचे वाक्य असे होते : 'बहुतेक, ज्या क्षेत्रात हा वाण लावला जातो तेथे भातासाठी बांधाची आवश्यकता राहणार नाही.' ते त्याने दोनदा वाचले. सारे आकडे त्याच्यासमोर होते. सहा हंगाम, चौदा गावे. एकदा तरी ठामपणे बोलावे, असे त्याला वाटले. लोक ज्याला हसतात तो शब्द त्याने स्वतःच्या हाताने खोडला, आणि खोडताना त्याला बरे वाटले.

वाक्य खरे होते. आजही त्यातला एकही शब्द खोटा नाही.

समितीने शेंदरखारचा बांध यादीतून काढला. ग्रामसभेनेही लिहून दिले की जोळ बंद झाला असून गावाची हरकत नाही. त्या कागदावर पद्माकरची सही नव्हती, पण एका सहीवाचून काही अडले नाही. उघाडीचे दार कुजले आणि एका उधाणाला वाहून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात हरेश्वर गावी आला तेव्हा वहिनीने त्याच्यापुढे कोरा चहा ठेवला.

"दूध नाही?"

"हाय की. पन घातलं की चहा फाटतो. सगल्यांचाच फाटतो आता. डालबी शिजत नाय लवकर." ती हसली. "वय झालं म्हंतात, चुलीचं."

गोठ्यातली म्हैस सारखी पाणी पीत होती. पद्माकर म्हणाला, "तुज्या भाताचा पेंढा लय आवडतो तिला. खाते नि पिते, खाते नि पिते. दूध मात्र निम्म्यावर आलंय." भातानंतर त्याच खाचरात दरवर्षी वाल व्हायचा, त्याची यंदा वीतभरही रोपे आली नव्हती. हरेश्वरने हे ऐकले, वहीत टिपले. पेंढ्यात मीठ साठणार हे त्याला माहीतच होते, ते त्यानेच ठरवले होते. वालाला त्याचे वाहक नव्हते, तेव्हा वाल जाणारच. त्याला वाईट वाटले, पण ते वही मिटण्याइतपतच.

जेवताना त्याच्या आमटीत मीठ बरोबर होते. वहिनीच्या ताटात भात आणि उकडलेला दुधी होता.

"तुम्ही आमटी नाही घेत?"

"डॉक्टरनं मीठ बंद केलंय," पद्माकरने सांगितले. "हिचा रक्तदाब चढलाय. वर्स झालं, एक कण खात नाय. गोल्या दोनाच्या तीन झाल्या, तरी उतरत नाय."

"आलनी जेवन बरं लागतं आता," वहिनी म्हणाली. "पान्यालाच चव हाय ना!"

हरेश्वरचा घास हातातच राहिला. शेतातले पाणी तपासायचे त्याचे पेनाएवढे यंत्र नेहमी खिशात असे. हात न धुता त्याने ते काढले, माठावरचे झाकण उचलले आणि टोक पाण्यात धरले. काचेवर आकडा उमटला. त्याने ते पुसून पुन्हा धरले. मग तो तसाच उष्ट्या हाताने थोरल्या विहिरीवर गेला.

नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येई, ते धुण्याभांड्याला जायचे. प्यायला गाव थोरल्या विहिरीचेच पाणी नेई, कारण ते गोड अशी तिची पिढ्यान्पिढ्यांची ख्याती. चव रोज रोज थोडी बदलत गेली आणि जिभाही तिच्याबरोबर बदलत गेल्या. कोणाला कळले नाही.

विहिरीच्या काठावर उभे राहिल्यावर हरेश्वरला सगळे एकदम दिसले. गोडे पाणी हलके, खारे जड. खाडीकाठच्या जमिनीखाली सगळीकडे खारेच पाणी असते. पावसाळ्याचे चार महिने बांधाआडच्या खाचरांत पाऊस साठून राहायचा, तो खाली मुरायचा आणि खाऱ्या पाण्यावर सायीसारखा तरंगायचा. थोरल्या विहिरीत येत होती ती ही साय. शेत नसलेला माणूसही बांधावर माती टाकायला जायचा, तो या पाण्यासाठी. कधीतरी कोणाला तरी ते ठाऊक असणार. पुढे कारण विसरले गेले आणि नुसते जाणे उरले. मग एका शिकलेल्या माणसाने येऊन सांगितले की बांध भातासाठी असतो.

सोडियमचा कण पेशीच्या पडद्यातून कसा जातो हे त्याने जवळजवळ तीस वर्षे मोजले होते. तोच कण खाचरातून विहिरीत, विहिरीतून माठात आणि माठातून वहिनीच्या रक्तात कसा जाईल, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

त्याने पद्माकरला त्या दिवशी सांगितले नाही. आधी समितीला भेटून बांध यादीत परत घालून आणू, मग सांगू, असे त्याने ठरवले. वहिनीसाठी बाटलीबंद पाण्याचे खोके तेवढे आणून ठेवले आणि "प्रयोगासाठी हेच प्या," असे काहीतरी पुटपुटला. भित्र्या माणसाला गप्प बसायला नेहमीच एखादे चांगले कारण सापडते.

समितीचे दळवीसाहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, फाईल उघडली आणि हरेश्वरचे वाक्य त्यालाच वाचून दाखवले.

"डॉक्टर, हे चुकीचं होतं का?"

"नाही. भात तसाच आहे."

"मग शास्त्र बदललं का?"

"नाही, पण मी फक्त भाताबद्दल लिहिलं. विहीर खारी झालीय, माझ्या वहिनीचा रक्तदाब..."

"विहीर पाणीपुरवठ्याकडे. रक्तदाब आरोग्याकडे. माझ्याकडे बांध, आणि बांध कशासाठी, तर भातासाठी. तुम्हीच म्हणताय." त्यांनी फाईल हलकेच मिटली. "तुमचं मत इतकं स्पष्ट होतं ना, की बाकीच्या तेवीस गावांनाही आम्ही तेच लावलं. एरवी शास्त्रज्ञ असं लिहीत नाहीत हो. बहुतेक, कदाचित, असं काहीतरी घालतातच."

तिथून बाहेर पडत असताना पद्माकरचा फोन आला. खोक्यातले पाणी सुगंधाने उघडलेच नव्हते. "भावजींच्या प्रयोगाचं हाय, कोनी हात लावू नका," म्हणून तिने ते फळीवर नीट रचून ठेवले होते. सकाळी विहिरीवर घागर उचलताना ती खाली बसली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे गेले.

पनवेलच्या रुग्णालयात बाकावर दोघे भाऊ शेजारी बसले. तिथे हरेश्वरने सगळे सांगितले. पाण्याचे, सायीचे, बांधाचे, वाक्याचेही. खाली बघत, एकही 'बहुतेक' न घालता.

पद्माकर हाताच्या घट्ट्यांकडे बघत होता.

"तुला मे महिन्यात कललं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आता आषाढ हाय."

"मला वाटलं, आधी बांध..."

"वर्सभर बिनमिठाची जेवली रं ती." एवढेच तो म्हणाला. तो रागावला असता, ओरडला असता, तर हरेश्वरला बरे वाटले असते.

त्यानंतरची तीन वर्षे लवकर सरली. सुगंधा वहिनी पनवेलला मुलीकडे राहिली. ती डाव्या हाताने खाणाखुणा करी. शेंदरखारची घरे एकेक करून बंद झाली. विहीर खारी आणि नळ आठवड्यातून दोनदा; अशा गावात कोण राहणार? नितेश ठाकूर सर्वांत आधी गेला. शेते मात्र पडीक नव्हती. एका कंपनीने ती कराराने घेतली होती. चालकाशिवाय चालणारी यंत्रे पावसाआधी यायची, पेरून जायची, आणि कापणीला परत यायची. भात दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा चांगला येत होता. बाहेरच्या देशांचे पाहुणे तो बघायला येत, गाडीतून उतरून फोटो काढत आणि सोबत आणलेले पाणी पिऊन जात.

हरेश्वर निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल, मानपत्र आणि क्षारजितच्या लोंब्यांची चौकट मिळाली. चौकट त्याने पुण्यातच ठेवली आणि तो गावी आला. आपले दार उघडले, जाळी काढली, एक फावडे आणि दोन टोपल्या विकत आणल्या. रोज थोडी माती तो बांधाच्या खांडीत टाकी आणि रोज भरती ती नेई. एका माणसाने बुजावी अशी ती खांड राहिली नव्हती. हे त्याला कळत होते. पण दादूस एकदा तरी येईल आणि आपल्याला बांधावर बघेल, असे त्याच्या मनात होते.

भाद्रपदातल्या अमावास्येला पद्माकर आला. घरातली उरलीसुरली भांडी न्यायला तो आला होता. छोटा टेम्पो त्याने वेशीवर उभा केला. दोघे भाऊ ओटीवर समोरासमोर आले.

"वहिनी कशी आहे?" हरेश्वरने विचारले.

"हाय."

"दादूस, मी इथेच राहायला आलोय. बांधावर जातो रोज."

"दिसली माती," पद्माकर म्हणाला, आणि आत गेला.

भांडी बांधून होईस्तोवर बारा वाजले. ऊन पडले होते. बांधाच्या बाजूने ओळखीचा, खालच्या सुरातला घोंघाट येऊ लागला. उधाण चढत होते. पद्माकर बाहेर आला. त्याने खुंटीवरची थाळी काढली. ती भांड्यांच्या गोणीत टाकील असे हरेश्वरला वाटले. पण पद्माकरने पायातल्या चपला काढून ठेवल्या, धोतराचा काचा मारावा तसे पँटचे पाय वर दुमडले आणि तो वेशीकडे चालू लागला.

मग पहिले तीन ठोके पडले.

"जोळाला चला हो!"

गावात चिटपाखरू नव्हते. पद्माकर एकेका बंद दारापुढे थांबत होता. कुलपे गंजलेली, उंबऱ्यांवर मिठाची पांढरी पुटे. ज्यांनी तीन-तीन वर्षे जोळ चुकवला होता, ज्यांच्या दारापुढून तो गप गेला होता, त्या सगळ्यांना त्याने आज माफ केले होते. प्रत्येक दाराला तीन ठोके, प्रत्येक दाराला हाळी. भोईरांचे दार, म्हात्र्यांची दोन दारे, शेत नसलेल्या पाटील मास्तरांचे दार. आवाज आळीतून जवळ येत होता.

हरेश्वरने घाईघाईने टोपली उचलली. दुसऱ्या हातात फावडे घेतले. आपल्या दाराच्या उंबऱ्यात तो सरळ उभा राहिला, अगदी रांगेतला पहिला असावा तसा. इतकी वर्षे या दाराला कुलूप असताना ठोके पडले होते. आज ते सताड उघडे होते आणि आत माणूस होता.

पद्माकर आला. स्वतःच्या दारापुढे थांबला, तीन ठोके दिले, हाळी दिली. मग चार पावले पुढे टाकली.

हरेश्वरने टोपली छातीशी धरली.

पद्माकरने थाळी खाली केली होती. हाताची बोटे त्याने तिच्या कडेवर ठेवली होती, चुकूनसुद्धा नाद उमटू नये म्हणून. मान सरळ ठेवून, भावाकडे न बघता, तो त्या उघड्या दारापुढून गेला. धुळीत त्याची अनवाणी पावले वाजली, तेवढीच.

मग त्याने थाळी वर उचलली. पुढचे दार नितेश ठाकुराचे होते, कुलूप लागलेले. तिथे तीन ठोके पडले.